वीस दातांचं चक्र

भंवरकुआं हे इंदूरमधल्या एका चौकाचं नाव. नावात कुआं आहे, म्हणजे विहीर. पण आज तिथे विहीर शोधायला गेलात तर कोचिंग क्लासांच्या पाट्याच भेटतील. डोक्यावर उड्डाणपूल, खाली स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची दुकानं, पोह्यांच्या गाड्या, आणि पाठीला सॅक लावून घाईघाईने जाणारी गावोगावची मुलं. जवळच १८९१ साली निघालेलं होळकर कॉलेज, एक रस्ता खंडव्याकडे फुटलेला, आणि मधून धावणारा जुना आग्रा-मुंबई रस्ता. ह्याच रस्त्यालगतच्या एका गल्लीत माझं लेथचं दुकान होतं. १९७९ साली मी ते थाटलं. पाटीवर ‘खराद’ लिहिलं होतं, कारण गिऱ्हाईक हिंदी बोलणारं; घरी मात्र आम्ही लेथच म्हणत असू.

त्या दुकानात आयुष्यभर मी ट्रकांचे दंड, पिना, बुश आणि पंपांचे शाफ्ट कातले. शर्यतीच्या गाडीशी माझा संबंध एकदाच आला, तोही मुलीमुळे. त्या एका वेळी मी जी चूक केली तिच्याबद्दल हे लिहितो आहे. हिशेबाची चूक असती तर लिहिली नसती. हिशेब चुकतात, पुन्हा करता येतात.

मुलगी इंदूरच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. एक दिवस जेवताना म्हणाली, “बाबा, आम्ही गाडी बनवतो आहोत. आमची आम्ही. पीथमपूरच्या स्पर्धेसाठी.” इंदूरजवळच, धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. तिथे वाहनांच्या चाचणीसाठी सरकारने मोठी जागा राखली. पुढे २०२१ साली तिथे ११.३ किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी खुली झाली. त्याच जागेवर २००७ पासून इंजिनिअरिंगच्या मुलांची ‘बाहा’ स्पर्धा भरू लागली. मूळ अमेरिकेतली, १९७६ साली सुरू झालेली. मुलांनी एका माणसाची, खाचखळग्यांतून जाणारी गाडी स्वतः आखायची, स्वतः जोडायची आणि स्वतःच चालवायची. पळण्याची परीक्षा, चढाची परीक्षा, वळणांची परीक्षा, आणि शेवटी चार तासांची सलग शर्यत. हौशी मंडळींचा मोटारखेळ म्हणतात तो असा.

“चालवणार कोण?” हिने विचारलं.

“मी,” मुलगी म्हणाली. “सगळ्यांत हलकी मीच आहे.”

ही माझ्याकडे बघत राहिली. मी आमटी वाढून घेतली.

ह्या स्पर्धेची गंमत अशी की इंजिन सगळ्यांना सारखं. त्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० अश्वशक्तीचं इंजिन होतं, आणि त्याच्या फेऱ्यांना मिनिटाला ३८०० चा लगाम घातलेला. इंजिनात कुणी काही करायचं नाही. मग एक गाडी दुसरीच्या पुढे जाते ती कशाच्या बळावर? वजनाच्या, चाकांच्या, चालवणाऱ्याच्या. आणि इंजिनाचं बळ चाकापर्यंत कोणत्या प्रमाणात पोचवलं, ह्याच्या.

ह्या प्रमाणाला गुणोत्तर म्हणायला मी शाळेत शिकलो. माझी शाळा मराठी. मुलीची शाळा हिंदी, म्हणून तिचा ‘अनुपात’. कॉलेजात गेल्यावर त्याचा ‘रेशो’ झाला. सीमाभागातल्या तुमच्या घरांतही एकेका वस्तूला अशी दोन-तीन नावं असणार. पण दात मोजायला बसलं की कोणत्याही भाषेत तेवढेच भरतात, हा आमच्या धंद्यातला मोठा दिलासा.

ज्यांनी हातरहाटाने पाणी काढलं आहे त्यांना गुणोत्तर वेगळं समजावून सांगायला नको. लाट बारीक आणि फिरवायचा दांडा लांब असला तर जड घागर पोरसुद्धा वर ओढतं; फक्त फेरे पुष्कळ घालावे लागतात. लाट जाड केली तर घागर चार फेऱ्यांत वर येते, पण मग ओढायला गडी लागतो. ओढणाऱ्याची ताकद दोन्ही वेळी तेवढीच. गिअर ताकद वाढवत नाही, तिची मोड करून देतो. पहिला गिअर म्हणजे जोर पुष्कळ आणि वेग थोडा. शेवटचा गिअर म्हणजे वेग पुष्कळ आणि जोर थोडा. दोन्ही एकदम मागणाऱ्याला गिअरबॉक्स काही देत नाही.

काही कॉलेजांच्या गाड्यांना पट्ट्यावर चालणारी, गुणोत्तर आपोआप बदलत नेणारी यंत्रणा असे. ती महाग. आमच्या मुलांनी, तेव्हा पुष्कळ जण वापरत तोच, महिंद्राच्या अल्फा ह्या तीनचाकीचा गिअरबॉक्स घेतला. मजबूत, सहज मिळणारा, डिफरन्शियल आतच असलेला. त्याची गुणोत्तरं मुलीने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून माझ्या लेथवर चिकटवली होती. पहिला ३१.४८, दुसरा १८.७०, तिसरा ११.४०, चौथा ७.३५. म्हणजे पहिल्या गिअरात इंजिन साडेएकतीस वेळा फिरलं की चाक एकदा फिरणार.

ह्यावरून वेग काढायची रीत सोपी आहे. चाकाची त्रिज्या मीटरमध्ये घ्यायची, इंजिनाच्या फेऱ्यांनी गुणायची, पुन्हा ०.३७७ ने गुणायची आणि गुणोत्तराने भागायचं. ताशी किलोमीटर मिळतात. आमच्या चाकाची त्रिज्या, गाडीच्या वजनाने थोडी दबून, २८ सेंटिमीटर. हिशेब असा आला: पहिल्यात ताशी १२.७, दुसऱ्यात २१.४, तिसऱ्यात ३५.२ आणि चौथ्यात ५४.६ किलोमीटर.

हा डबा मालवाहू तीनचाकीसाठी घडवलेला. पोत्यांनी भरलेली गाडी उभ्या जागेवरून हलवायची, म्हणून पहिला गिअर एवढा जोराचा. आमची गाडी मुलीसकट भंगारवाल्याच्या काट्यावर अडीचशे किलो भरली. डब्याच्या पोटातले दात बदलणं मुलांच्या आवाक्याबाहेरचं. पण इंजिन आणि डबा ह्यांच्यामध्ये साखळी घातली, तर दोन बाजूंच्या स्प्रॉकेटांचे, म्हणजे दातेरी चक्रांचे, दात कमीजास्त करून सगळीच गुणोत्तरं एकदम वर किंवा खाली सरकवता येतात. ही चक्रं कोण करून देणार? अर्थात मी.

“सोळा आणि वीस,” मी सांगून टाकलं. इंजिनाकडे सोळा दात, डब्याकडे वीस. म्हणजे सगळा जोर सव्वापट.

“पण बाबा, वेग?”

“चौथ्यात साधारण ४४ मिळतो. बास झाला. चढाची परीक्षा आहे ना? चढाला जोर हवा. आयुष्यभर ट्रकवाल्यांचं काम केलंय मी.”

ती काही बोलली नाही. मी गोळे कातले, शेजारच्या मिलिंगवाल्याकडे दात पाडून घेतले, कडा कानसल्या. वीसचं चक्र सुरेख झालं होतं. दिव्यासमोर धरून मी ते हिला दाखवलंदेखील.

जानेवारीत गाडी पहिल्यांदा मातीवर आली. खंडवा रस्त्याला एक मोकळं माळरान होतं, तिथे मुलांनी खुंट्या मारून वळणांचा रस्ता आखला. मुलीने पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरली. धुळीचा लोट उठला, गाडी हातभर सरकली. पुन्हा तेच. दुसऱ्या गिअरात सुटली, पण दुसरा लगेच संपला. तिसरा टाकला तोवर वळण आलं, पुन्हा दुसरा. अख्ख्या फेरीत तिचा हात दांड्यावरून निघाला नाही. गिअर बदलताना इंजिनाचा जोर तुटतो, गाडी तेवढा वेळ नुसती वाहत जाते. मुलांच्या हातातलं घड्याळ काही चांगलं सांगत नव्हतं.

“सवय होईल,” मी म्हणालो.

त्या रात्री मी बेळगावला माझ्या साडूंना फोन केला. उद्यमबागेत त्यांचं गिअरचे दात पाडायचं काम. कामगारांशी कन्नड, घरात मराठी, आणि हिशेब कोणत्या भाषेत करतात ते त्यांनाच ठाऊक नसावं. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मध्येच तोडलं.

“साडूभाऊ, चढ किती ते नंतर बघा हो. माती किती सोसती ते आधी बघा. मातीला सोसंना झालं की तुमचं चाक नुसतं गिरणीगत फिरतंय. काटा लावून ओढून बघा की गाडी.”

तीस-पस्तीस वर्षं यंत्रं कातलेल्या माणसाला हे सुचू नये! मुलगी तर ऐकताच उठली. दुसऱ्या दिवशी भंगारबाजारातून दोनशे किलोंचा आकड्याचा काटा आणला. तो कडुलिंबाच्या बुंध्याला बांधला, काट्याला दोर आणि दोराला गाडी. मुलगी आत बसली, पहिला गिअर टाकला आणि हळूहळू जोर देत गेली. काट्याची सुई साठ, ऐंशी, नव्वद करत शंभराच्या जरा पुढे गेली आणि चाकं फिरू लागली. तीन जागी करून पाहिलं. पाच-सात किलोंचा फरक.

घरी येऊन तिने माझ्यासमोर वही ठेवली. ह्या इंजिनाचा पीळ साधारण १९ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअराने गुणला, दातांच्या घर्षणात जाणारा भाग वजा केला आणि चाकाच्या त्रिज्येने भागला, तर साखळीने काहीही न वाढवता चाकाशी १८५ किलोंची ओढ मिळते. माझ्या सोळा-वीसने ती २३० किलोंवर गेली होती. आणि माती सोसते किती? शंभर. चढावर वजन मागच्या चाकांकडे सरकतं, पकड थोडी वाढते. तरी १८५ पर्यंतसुद्धा ती जात नाही.

“म्हणजे बाबा, चढावर आपण अडलो तर मातीमुळे अडणार. जोर मुळात जास्तच आहे.”

हिशेब सरळ होता. तरीही मी म्हणालो, “असू दे. जास्तीचा जोर वाईट नसतो.”

मुलगी बराच वेळ वहीतच बघत बसली. मग हळूच म्हणाली, “बाबा, तुम्हाला गाडी हळू जायला हवी आहे ना?”

मी उठून दुकानात गेलो.

आता हे सांगितलंच पाहिजे. माझे थोरले बंधू ट्रक चालवत. आमच्याच दारावरच्या आग्रा-मुंबई रस्त्याने कापडाच्या गाठी घेऊन मुंबईकडे जात. इंदूर सोडलं की मानपूरपर्यंत माळव्याचं पठार, आणि तिथून रस्ता एकदम निमाडात उतरतो. भेरूघाट. उताराला गाडी आपोआप धावते, म्हणून डिझेल वाचवायला पुष्कळ ड्रायव्हर तेव्हा गिअर काढून न्यूट्रलवर सोडत. गिअरात असलेल्या गाडीला उतारावर इंजिन मागे ओढून धरतं. गिअर काढला की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत, आणि त्या वेगाला मग कोणताही गिअर परत पडत नाही. वडील त्यांना नेहमी सांगत, ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. १९८३ च्या पावसाळ्यात बंधूंचा ट्रक घाटातून खाली गेला. काढला तेव्हा गिअरचा दांडा मधोमध होता. तो दांडा मी पाहिला आहे.

मुलीला काका फोटोतच ठाऊक. पण घरात कुणी ह्या गोष्टी सांगत नसलं तरी मुलांना त्या कळलेल्या असतात.

मी काय केलं होतं ते त्या रात्री मला दुकानातल्या दिव्याखाली नीट दिसलं. मी दात मोजले होते, भागाकार केले होते, ‘चढ, चढ’ म्हणत होतो. आणि खरोखर मी मुलीच्या गाडीला दावं बांधत होतो. भीती वाटते एवढं सरळ सांगितलं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं. कदाचित हसलीही असती. पण मी भीतीला हिशेबाचे कपडे घातले, कारण हिशेबापुढे मूल वाद घालत नाही. ही ती चूक. आईबाप पुष्कळदा असंच करतात. पोरांनी कुठे शिकावं, कोणत्या शहरी जावं, कोणती भाषा घ्यावी ह्याचे आपण मोठे मुद्देसूद हिशेब मांडतो, आणि त्यातल्या निम्म्या आकड्यांखाली कुठल्यातरी जुन्या घाटातला दांडा असतो.

सकाळी मी तिला म्हणालो, “हो. मला भीती वाटते. आता तू सांग, गुणोत्तर काय हवं?”

ती हे विचारायची वाटच बघत होती. माळरानावरची फेरी तिने पावलापावलाने मांडली होती. पुष्कळशी वळणं अशी की गाडी ताशी २० ते २३ ने बाहेर पडते. डबा इंजिनाला सरळ जोडला तर दुसरा गिअर संपतो २१.४ ला, म्हणजे नेमका वळणात. तिथे तिसरा टाकावा तर इंजिनाच्या फेऱ्या ३८०० वरून २३०० च्या आसपास पडतात, आणि एका हाताने चाक सावरताना दुसरा हात दांड्यावर. माझ्या सोळा-वीसने तर दुसरा १७ लाच संपत होता.

“आपल्याला जोर कमी करायचा आहे बाबा. थोडासाच. इंजिनाकडे वीस दात आणि डब्याकडे अठरा.”

मी मनात भागाकार केला. दुसरा गिअर जाईल २३.८ पर्यंत, वळणात बदलायलाच नको. तिसरा ३९ पर्यंत. पहिल्याची ओढ १८५ वरून १६७ वर येईल, म्हणजे माती सोसते त्याहून तरीही जास्त. राहिला चौथा. तो कागदावर साठीच्या पुढे जाईल, पण खडबडीत मातीत दहा अश्वशक्ती गाडीला तिथवर नेणार नाहीत.

“चौथा वाया गेला,” मी म्हणालो.

“जाऊ दे. सरळ रस्ता आहेच किती? सगळे गिअर चांगले करायला गेलं तर आपल्याला हवा तोच बिघडेल.”

गुणोत्तर निवडणं म्हणजे ह्याहून वेगळं काही नाही. आधी रस्ता बघायचा, जमीन बघायची, गाडी सर्वांत जास्त वेळ कोणत्या वेगात असते ते बघायचं. तिथे इंजिनाचा जोर येईल असं जुळवायचं, आणि आपण कुठे दुबळे राहणार ते खुशीने ठरवायचं. मोठ्यांच्या शर्यतीतही हेच. त्याच २०१४ सालापासून फॉर्म्युला वनमध्ये आठ गिअरांची गुणोत्तरं हंगामाआधीच ठरवून टाकायचा नियम आला. मोनॅकोच्या गल्लीबोळांना आणि मोन्झाच्या लांबलचक सरळ रस्त्यांना तीच आठ. त्याआधी प्रत्येक शर्यतीसाठी ती बदलता येत. कोट्यवधींच्या गाड्यांनासुद्धा कुठेतरी थोडं कमी पडणं पत्करावं लागतं. मग आमच्या अडीचशे किलोंची काय कथा!

वीस दातांचं चक्र तयारच होतं. फक्त त्याने बाजू बदलायची होती. डब्याच्या दंडासाठी मी त्याचं भोक मोठं ठेवलं होतं आणि इंजिनाचा दंड एक इंचाचा, म्हणून आत बुश ठोकला, तो वितळवून पक्का केला, चावीची खाच नव्याने पाडली. अठराचं चक्र नवं केलं. ज्या चक्राने गाडी हळू करायची म्हणून मी ते घडवलं, त्यानेच ती आता जलद होणार होती. साखळीवर घालायला पत्र्याचं जाड कवचही केलं. नियमात हवं त्याहून जाड केलं, हे कबूल करतो. मुलीने ते वजन केलं, हसली, आणि बसवलं.

पीथमपूरला मी गेलो. हीसुद्धा आली, डब्यात दशम्या घेऊन. देशभरातली पोरं, मल्याळी, तमिळ, पंजाबी, मराठी तर चहूकडे. पुण्या-कोल्हापूरकडची मुलं आपापसात मराठीत भांडताना ऐकून हिला माहेरच्यासारखं वाटलं. चढाच्या परीक्षेत आमची गाडी निम्म्याहून थोडी वर जाऊन थांबली. चाकं फिरत होती, माती उडत होती, इंजिनाचा दम मात्र शिल्लक होता. साडूंचं म्हणणं अक्षरशः खरं झालं.

मग चार तासांची शर्यत. धुळीत गाड्यांचे नंबर दिसत नाहीत. मी डोळे मिटून कानांनी बघत होतो. आयुष्यभर तेच केलं आहे. आमच्या गाडीचा आवाज मला शंभरांत ओळखू आला असता. ती उंचवट्यामागे जायची, आणि ती पुन्हा निघेपर्यंत माझा श्वास अडकून राहायचा. पण वळणात तो आवाज तुटत नव्हता. बाकीच्या पुष्कळ गाड्या वळणात गप्प होऊन पुन्हा भुंकायच्या; आमची एका सुरात आत जायची आणि त्याच सुरात बाहेर पडायची. दुसऱ्या गिअरात. वीस आणि अठरा.

पावणेतीन तास झाले आणि पुढच्या चाकाचा एक सांधा सुटला. मुलांनीच केलेला जोड होता. गाडी बाजूला ओढली गेली. बक्षीस वगैरे काही नाही. मुलगी बाहेर आली तेव्हा शिरस्त्राणाच्या काचेइतका चेहरा स्वच्छ आणि बाकी सगळी माती. हिने तिच्या तोंडात दशमीचा तुकडा घातला. मी साखळीचं कवच उघडून दात पाहिले. एकही झिजला नव्हता.

पुढे मुलगी पुण्याकडे नोकरीला लागली. दुकान मी बंद केलं. त्या गाळ्यात आता मुलं परीक्षांच्या झेरॉक्स काढतात. २०१९ सालच्या दिवाळीनंतर ती आम्हा दोघांना आपल्या गाडीतून पुण्याला घेऊन निघाली. रस्ता तोच, आग्रा-मुंबई. राऊ गेलं, महूचा फाटा गेला, मानपूर आलं. मी पुढे बसलो होतो. इतक्या वर्षांत ह्या रस्त्याने मी बसने गेलो असेन, पण नेहमी रात्री आणि डोळे मिटून.

उतार सुरू व्हायच्या आधीच तिने वेग कमी केला आणि गिअर खाली आणला. इंजिनाचा आवाज चढला, गाडी मागून कुणी धरल्यासारखी झाली. पुढे एक भरलेला ट्रक हळूहळू उतरत होता.

“तिसरा पुरे ना बाबा?”

मी रस्त्याकडे बघितलं. “दुसरा घाल.”

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. “हा हिशेब, की भीती?”

“दोन्ही,” मी म्हणालो. “उतारावर भीतीसुद्धा हिशेबात धरायची असते.”

तिने वाद न घालता दुसरा घातला. मागच्या सीटवर ही डब्यातून बडीशेप काढत होती. आम्ही त्या ट्रकच्या मागोमाग, त्याच्याच चालीने, घाट उतरलो.